प्रभूच्या दिवसाकडे पाहून एकमेकांसाठी काय मागता?

कृपा_नगर · १४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

आगमनकाळ (नाताळाआधीचे तयारीचे आठवडे) तोंडावर आलाय. आमच्या बुधवारच्या घरसभेत सध्या बायबलमधलं पौलाचं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र चाललंय, आणि तिसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या चार-पाच वचनांपाशी मी अडकलेय.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पौल, सीला आणि तीमथ्य या येशूच्या प्रचारकांना थेस्सलनीकात फार काळ राहता आलं नाही. गावात दंगा उसळला, यासोनाला घरातून ओढून अधिकाऱ्यांपुढे नेलं, जामीन घेऊन सोडलं, आणि भावांनी पौलाला रातोरात बिरुयाला लावून दिलं. मागे उरली ती अगदी नवखी मंडळी. ना मुरलेले वडील (मंडळीचे पुढारी), ना हातात नवा करार, वर गाववाल्यांचा छळ. पौलाला राहवेना. अथेनैत (अथेन्समध्ये) एकटं मागे राहणं पत्करून त्याने तीमथ्याला परत पाठवलं. तीमथ्य चांगली बातमी घेऊन आला तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. तुम्ही प्रभूमध्ये टिकून आहात ना, मग आम्ही जगतो, असं तो लिहितो.

आणि मग तो काय मागतो? तुमची भेट व्हावी आणि तुमच्या विश्वासात जे उणं आहे ते पुरं करता यावं. तुमची एकमेकांवरची आणि सगळ्यांवरची प्रीती वाढून ओसंडावी. प्रभूच्या दिवशी, म्हणजे प्रभू येशू आपल्या सर्व पवित्र जनांसह पुन्हा येईल तेव्हा, तुमची मनं देवापुढे पवित्र आणि निर्दोष अशी स्थिर असावीत. छळ थांबू दे, हे त्या मागण्यांत कुठेच सापडत नाही.

आता आमची घरसभा. शेवटी पाळकसाहेब म्हणतात, "विनंत्या सांगा." गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीचं स्थळ, बारावीचा पेपर, बांधाचा दावा, बोअरला पाणी. सगळं खरं आहे, सगळं मागायलाच हवं. पण "माझी प्रीती आटलीय, त्यासाठी मागा" असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. मीही कधी म्हटलेलं नाही.

तर विचारायचं हे आहे की तुम्ही मंडळीतल्या कुणासाठी अशी प्रार्थना करता का? म्हणजे त्या माणसाला प्रभूपुढे उभं राहायचंय हे डोळ्यांसमोर ठेवून? आणि करत असाल तर त्या माणसाला सांगता का? मी सांगायला गेले तर समोरची म्हणेल, "का गं, माझं काय कमी दिसलं तुला?"

मिरजेची_सिस्टर · १४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

नाइट ड्यूटीवर आहे, वॉर्ड शांत आहे तोवर लिहिते.

कृपाताई, तुमचं म्हणणं पटलं, पण ऑपरेशनच्या विनंत्यांना कुणी खालच्या पायरीवर बसवू नये एवढीच काळजी वाटते. अशी वाक्यं मी प्रवचनात ऐकलीयत: "आपण शरीराचं मागतो, आत्म्याचं मागत नाही." ऐकणारा मूत्रपिंडाचा पेशंट असेल तर त्याने काय करायचं? याकोबाने आजाऱ्याला वडिलांना बोलवायला सांगितलंय. फिलिप्पैच्या पत्रात पौलाचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारात होता, देवाने त्याच्यावर दया केली, आणि ती आपल्यावरही केली असं पौल म्हणतो, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. योहानाचं तिसरं पत्र तर गायसाच्या तब्येतीच्या विचारपुशीनेच सुरू होतं, आणि त्याच वाक्यात त्याच्या जिवाची खुशालीही आहे.

मी पेशंटसाठी दोन्ही मागते. शुगर खाली येऊ दे, आणि या आजारपणात त्याच्या बायकोचा देवावरचा भरवसा तुटू नये. दुसरं मागायला तिला नीट बघावं लागतं. बिलाच्या खिडकीपाशी ती कशी उभी असते, कुणाशी बोलते, कुणाला टाळते. बघितल्याशिवाय काय मागायचं ते कळतच नाही.

कृपा_नगर · १४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

सिस्टर, खालच्या पायरीचं मनात नव्हतं. पण "बघितल्याशिवाय कळत नाही" हे फार नेमकं बोललात. तीमथ्याला पाठवलं ते त्यासाठीच.

शांतवन · १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

चांगला धागा. थोडी भर घालतो (निवृत्त शिक्षक आहे, लांबण लागली तर सांभाळून घ्या).

हे पत्र पौलाने करिंथहून लिहिलं, साधारण इ. स. ५० किंवा ५१ मध्ये. काळ इतक्या नेमकेपणाने सांगता येतो कारण करिंथात पौलाला ज्याच्यापुढे उभं केलं त्या गल्लियो या रोमी राज्यपालाचं नाव ग्रीसमधल्या दल्फीच्या एका शिलालेखात आलंय. नव्या कराराच्या सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी हे एक. आणि या लहानशा पत्राचे पाचही अध्याय प्रभूच्या येण्याला स्पर्श करतात, पहिले तीन तर त्या विषयावरच येऊन संपतात. पहिल्यात ते देवाच्या पुत्राची स्वर्गातून वाट पाहतायत. दुसऱ्यात पौल विचारतो, प्रभू येईल तेव्हा आमची आशा, आमचा आनंद, आमचा मुगुट कोण? तुम्हीच ना? तिसऱ्यात ही प्रार्थना. चौथ्यात मेलेल्यांविषयीचं सांत्वन. पाचव्यात पुन्हा प्रार्थना: तुमचा आत्मा, जीव आणि शरीर प्रभूच्या आगमनसमयी निर्दोष राखलं जावो.

दुसऱ्या अध्यायातला तो मुगुट माझ्या मते या सगळ्याची किल्ली आहे. त्या दिवशी पौल आपल्या हातात काय घेऊन उभा राहणार? प्रवास, फटके, तुरुंग यांची यादी तो देत नाही, ही माणसं दाखवतो. म्हणून त्यांची वाढ त्याला परकी नाही. शेजारच्या घरच्या मुलाचे मार्क विचारावेत तशी ती चौकशी नाही. ज्याच्यासाठी मागतो तो माणूस त्या दिवशी माझा आनंद असणार आहे, हे मनात असेल तर "माझं काय कमी दिसलं" हा प्रश्न कदाचित उठणारही नाही.

फिलिप्पैकरांच्या पत्रात हेच थोडं वेगळ्या अंगाने येतं. तिथे तो मागतो की तुमची प्रीती ज्ञानाने आणि विवेकाने वाढत जावी, म्हणजे जे उत्तम ते तुम्हाला निवडता येईल आणि ख्रिस्ताच्या दिवसासाठी तुम्ही निर्मळ राहाल. प्रीती आहे पण विवेक कमी, असं मंडळीत किती दिसतं! चौथ्या अध्यायात कळतं की तिथे युवदीया आणि सुंतुखे या दोघी बायकांचं पटत नव्हतं. दोघींनी पौलाबरोबर सुवार्तेसाठी कष्ट उपसलेले. म्हणजे पहिल्या अध्यायातली ती मागणी हवेतली नव्हती, तिला गावातली नावं होती.

पाळकपुत्र · १५ नोव्हेंबर, दुपारी १:४५

सर, तुमच्या पोस्टी वाचायला मजा येते. पण मला या विषयाचा "प्रभूच्या येण्याकडे पाहून" हा अर्धा भाग नकोसा होतो, त्याचं कारण सांगतो.

माझं बालपण मिशन कंपाउंडात गेलं. मे महिन्यात जागृती सभा. बाहेरून आलेले प्रचारक मोठ्ठा कापडी तक्ता टांगायचे. त्यावर सात डोक्यांचं श्वापद, दहा शिंगं, बाण काढून दाखवलेली साम्राज्यं. आधी बारकोड म्हणजे ६६६ (त्या श्वापदाचा आकडा) होता. पुढे आधार कार्ड झालं, करोनात लस झाली. मी शाळेतून घरी यायचो, आई दिसली नाही की छातीत धस्स व्हायचं: सगळे स्वर्गात घेतले गेले, मी एकटा राहिलो! आई पिठाच्या गिरणीत असायची.

अमेरिकेत विल्यम मिलरच्या मागे लागलेल्या लोकांनी प्रभूच्या येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरून ठेवली होती. काहींनी उभं पीक कापलं नाही. २३ तारीख उजाडली. पुत्रालाही तो दिवस आणि ती घटका ठाऊक नाही, असं मत्तयात सरळ लिहिलंय, तरी माणसं गणितं मांडतातच.

सांगायचं काय, या भीतीतून ज्या प्रार्थना निघतात त्या मी ऐकल्यात. "प्रभू, तू येशील तेव्हा हा मुलगा मागे राहू नये." हे त्या मुलाच्याच डोक्यावर हात ठेवून. तो मुलगा मी.

दोहा_ते_जालना · १५ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

पाळकपुत्र भाऊ, आई गिरणीत! हसलो, पण आमच्याकडेही डिट्टो.

शांतवन · १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

पाळकपुत्र, तुमच्यावर जे झालं ते वाईटच. तेच पत्र तुमच्या बाजूने उभं आहे. थेस्सलनीकातही काहींनी "प्रभू येतोच आहे" म्हणून कामधंदा सोडलेला दिसतो. पौल त्यांना तक्ता काढून देत नाही. शांत राहा, आपापला धंदा करा, हातांनी काम करा, असं सांगतो. दुसऱ्या पत्रात तर जो काम करू इच्छीत नाही त्याने खाऊही नये इथपर्यंत येतो. आणि त्यांना खरी काळजी होती ती मागे राहण्याची नव्हती, आधी मेलेल्यांची होती. आपली माणसं त्या दिवसाला मुकली की काय? त्यावर तो घाबरवत नाही. या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा, असं म्हणून तो विषय संपवतो.

त्या दिवसाची आठवण करून ज्याला धीर मिळायला हवा त्याला कापरं भरत असेल, तर शिकवणाऱ्याने पत्र अर्धंच वाचलंय.

पाळकपुत्र · १५ नोव्हेंबर, रात्री ८:१५

मान्य. मग मला हा विषय असा समजतो, चुकत असेन तर सांगा. जिल्ह्यात मंत्री येणार असला की रात्रीतून डांबर पडतं, दुभाजकांना रंग लागतो, कुंड्या येतात. दौरा संपला की कुंड्या परत. आमच्या जागृती सभा तशा होत्या: आज रात्री रंगवून घ्या, उद्या कदाचित तो येईल. पौल जे मागतो ते रात्रीत पडणारं नाही. प्रीती वाढणं, विवेक येणं, मन स्थिर होणं, याला वर्षं लागतात. म्हणून तो आत्तापासून मागत राहतो. असं?

शांतवन · १५ नोव्हेंबर, रात्री ८:४०

असंच. गंमत म्हणजे त्या काळी सम्राट किंवा राज्यपाल शहराला भेट देणार असला की अशीच रंगरंगोटी चालायची, त्याचा खर्च गावाच्या डोक्यावर. थेस्सलनीका प्रांताची राजधानी, रोमचा मोठा रस्ता गावातून जाणारा. त्यांना असल्या स्वागताचं नवल नव्हतं.

वसईकर · १६ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

आमच्याकडचं थोडं सांगतो, मी कॅथलिक आहे. आगमनकाळ म्हटलं की सगळ्यांना गोठा, चांदणी, करंज्या दिसतात. पण उपासनेच्या रचनेत १६ डिसेंबरपर्यंतचा भर प्रभूच्या पुन्हा येण्यावरच असतो. १७ ते २४ हे दिवस जन्माच्या तयारीचे. वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं: अ, ब आणि क. त्यातल्या क वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारचं दुसरं वाचन म्हणजे कृपाताई म्हणतायत तेच, थेस्सलनीकाकरांचं तिसऱ्या अध्यायाच्या अखेरचं. दुसऱ्या रविवारी शांतवन सरांनी दिलेलं फिलिप्पैकरांचं. २०२४ ला झाली ती, आता २०२७ ला येतील. ब वर्षी पहिल्या रविवारी करिंथकरांचं पहिलं पत्र: तो तुम्हाला शेवटपर्यंत दृढ राखील, प्रभूच्या दिवशी निर्दोष राखील. म्हणजे ज्यांनी ही वाचनं लावली त्यांना हा धागा (या धाग्याच्या खूप आधी!) दिसला होता.

आणि दर मिस्सेत (आमच्या उपासनेत) प्रभूच्या प्रार्थनेनंतर फादर जी प्रार्थना म्हणतात तिच्यात तारणाऱ्याच्या येण्याची वाट पाहणं येतंच. आम्ही इतक्या वेळा ऐकतो की कान तिथून घसरतो.

एक विचारतो, भांडण लावायचं नाही. नोव्हेंबर हा आमच्याकडे मृतांसाठी प्रार्थनेचा महिना, २ तारखेला दफनभूमीत मेणबत्त्या लावतो. गेलेल्या माणसाची पवित्रता पूर्ण व्हावी म्हणून मागणं, हे याच मागण्यात बसतं असं मला वाटतं. प्रॉटेस्टंट बांधवांना काय वाटतं?

पाळकपुत्र · १६ नोव्हेंबर, सकाळी १०:५०

बसत नाही 🙂 आम्ही त्यांच्याबद्दल आभार मानतो, त्यांच्यासाठी मागत नाही. पण वाचनांची माहिती भारी आहे, आमच्या कुणालाच ठाऊक नव्हती.

संपादक · १६ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

मृतांसाठी प्रार्थना हा विषय स्वतंत्र धाग्यावर घ्यावा. इथे जिवंतांपुरतं बोलू.

कुतूहल · १६ नोव्हेंबर, दुपारी २:१०

मी ख्रिस्ती नाही, वाचनमात्र होतो. दोन प्रश्न. एक, पसायदानातही दुष्टांचं वाकडेपण जावं, त्यांना सत्कर्माची गोडी लागावी असं मागितलंय. तेही दुसऱ्याच्या आतल्या वाढीसाठीच मागणं. मग तुमच्यात वेगळं काय? दोन, देवाला सगळं माहीत आहे आणि निर्दोष करणारा तोच आहे, तर मधे तुमचं काय काम? मी माझ्या मित्राच्या मनाच्या वाढीसाठी काहीही मागितलं तरी वाढायचंय त्याला.

शांतवन · १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:२५

कुतूहल, स्वागत. पसायदान आठवणं साहजिकच आहे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगाच्या चालीत आणली, तेव्हापासून मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानात दोन्ही सूर आहेत. दुष्टाचं वाईट न मागता त्याचं वाकडेपण जावं असं मागणं, याला माझा नमस्कार आहे. फरक मला दोन ठिकाणी दिसतो. पौलाची ही मागणी ओळखीच्या, ठरावीक माणसांसाठी आहे. आणि तिच्या समोर एक दिवस आहे. त्या दिवशी एकजण येणार आहे, तो कोण हे त्यांना माहीत आहे, आणि त्याच्यापुढे उभं राहायचं आहे.

दुसरा प्रश्न अवघड आहे, त्याचं हिशेबी उत्तर माझ्याकडे नाही. पण वाक्यं कशी आहेत बघा. पौल तुम्ही प्रीती वाढवा असं इथे म्हणत नाही, प्रभू ती वाढवो म्हणतो. पाचव्या अध्यायात निर्दोष राखण्याचं मागून झाल्यावर लगेच म्हणतो, तुम्हाला बोलावणारा विश्वसनीय आहे, तो हे करीलच. म्हणजे करणारा तो, याबद्दल पौलाला शंका नाही, आणि तरीही तो रात्रंदिवस मागतो. त्याला या दोन गोष्टींत विरोध वाटत नाही. येशूनेही आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगितलं होतं की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केलीय. पेत्राने त्याच रात्री येशूला नाकारलं. आणि मग परत आला. मागणं वाया गेलं असं म्हणायचं की कामी आलं?

कुतूहल · १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०२

पेत्राचं उदाहरण विचार करायला लावणारं आहे. वाचतोय.

दोहा_ते_जालना · १७ नोव्हेंबर, रात्री १:१५

आमचा मराठी गट इथे शुक्रवारी भेटतो, कारण सुट्टी शुक्रवारची. वीसेक घरं आणि खूप सडेफटिंग माणसं, माझ्यासारखी. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रार्थनेचा ग्रुप आहे. त्यावर काय येतं? व्हिसा, इकामा (राहण्याचा परवाना), कंपनी पगार देईना, गावी आई आजारी. सिस्टरांचं पटतं, हे मागायलाच लागतं, दुसरं कोण आहे इथं आपलं.

पण मला एक वेगळा धोका सांगायचाय. आध्यात्मिक विनंत्या मागवायच्या असं आम्ही एकदा ठरवलं. काय झालं असेल? "अमक्या भावासाठी विशेष प्रार्थना करा, त्याचं पिणं वाढलंय." "अमकी बहीण संगतीत येत नाही, का ते प्रभूला ठाऊक." अर्ध्या तासात सगळ्या कतारला ठाऊक! प्रार्थनेच्या नावाखाली चुगली. तो भाऊ त्याच ग्रुपवर होता. ग्रुप सोडून गेला, आणि संगतीतूनही.

त्यानंतर नियम केला. दुसऱ्याची आध्यात्मिक विनंती ग्रुपवर टाकायची नाही. ज्याची त्याने टाकावी, नाहीतर आपण एकट्याने देवापुढे ठेवावी. आणि मागायचं ते पौलाच्या शब्दांत. मी कलस्सैकरांचा पहिला अध्याय धरतो, ९ ते १२. देवाची इच्छा कळावी, प्रभूला शोभेल असं वागणं व्हावं, सत्कृत्यांचं फळ यावं, धीर आणि सहनशीलता आनंदासह मिळावी, आभार मानता यावेत. कुणाचंही नाव त्यात घालता येतं आणि कुणाची बदनामी होत नाही. पिणाऱ्याला धीर लागतोच. न पिणाऱ्यालाही लागतो.

मिरजेची_सिस्टर · १७ नोव्हेंबर, सकाळी ९:००

दोहा भाऊ, नियम फार चांगला केलात. याचीच घरगुती आवृत्ती म्हणजे सासूबाईंची रात्रीची कौटुंबिक प्रार्थना. सगळे गुडघ्यांवर, डोळे मिटलेले, आणि मोठ्या आवाजात: "हे प्रभू, या घरातल्या सुनेला नम्र आत्मा दे, वडीलधाऱ्यांचा मान राखायची बुद्धी दे." सून तिथेच! आमेन म्हणावं तरी पंचाईत, न म्हणावं तरी पंचाईत.

कृपा_नगर · १७ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

😂😂 सिस्टर, ही सून मी आहे की काय!

विनोद बाजूला ठेवला तर माझ्या पहिल्या प्रश्नाचा गाभा हाच होता. दुसऱ्याच्या वाढीसाठी मागताना मी न्यायाधीशाच्या खुर्चीत कधी बसते ते मला कळत नाही. काल पुन्हा पत्र वाचलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, पौल आधी आभार मानतो, आणि तेही तोंडदेखले नाहीत. विश्वासाचं काम, प्रीतीचे श्रम, आशेचा धीर, असं नेमकं बोट ठेवून मानतो. सासूबाईंनी आधी सुनेबद्दल दोन गोष्टींचे आभार मानले असते तर पुढचं ऐकायला तिला जड गेलं नसतं. दुसरं, शेवटी तो म्हणतो, बंधूंनो, आमच्यासाठीही प्रार्थना करा. प्रेषित असून, या नवख्या लोकांना. ज्यांच्या विश्वासात उणं आहे म्हणाला त्यांच्याकडेच तो मागतो.

अनुग्रह_केडगाव · १७ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

केडगावचा उल्लेख अजून कसा झाला नाही? १९०५ च्या सुरुवातीला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमधल्या मुलींना बोलावून विचारलं की कोण रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला तयार आहे. सुरुवातीला सत्तरेक जणी आल्या, नंतर संख्या काहीशेवर गेली. त्यांचं मागणं मुख्यतः भारतातल्या ख्रिस्ती लोकांसाठी होतं, नावापुरते ख्रिस्ती असलेल्यांत पवित्र आत्म्याने काम करावं म्हणून. वेल्समध्ये आदल्या वर्षी जागृती झाली होती, खासी टेकड्यांतही सुरू झाली होती, त्या बातम्या इथे पोचलेल्या. जूनच्या अखेरीस मुक्तीतही ती झाली.

मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की मागणाऱ्या कोण होत्या. दुष्काळातून आणलेल्या, विधवा, टाकलेल्या मुली. मंडळीच्या कुठल्याही समितीत त्यांना कुणी बसवलं नसतं. आजही घरसभेत "भाऊ, आपण प्रार्थना करा" असं एखाद्या साहेबालाच सांगितलं जातं. भांडी आवरणाऱ्या आजीला कुणी सांगत नाही, आणि खरी नावानिशी यादी तिच्याच डोक्यात असते.

वसईकर · १७ नोव्हेंबर, दुपारी १:००

आजीच्या बाबतीत शंभर टक्के. आमच्या आजीच्या रोजरीच्या प्रत्येक मण्याला एक नातू ठरलेला होता.

पाळकपुत्र · १७ नोव्हेंबर, रात्री १०:१०

एक अडचण उरलीच. समजा मी एखाद्यासाठी मागतो की त्याची प्रीती वाढावी, आणि त्याच्याशी मी बोलतच नाही. मंडळीत असा एक गृहस्थ आहे. जमिनीच्या वादापासून आमची घरं बोलत नाहीत, प्रभूभोजनाच्या विधीला दोन टोकांना बसतो. त्याच्यासाठी हे पत्रातलं मागायला लागलो तर माझंच हसं होईल. "एकमेकांवरची प्रीती" म्हटलं की त्यात मी आलो.

शांतवन · १७ नोव्हेंबर, रात्री १०:४५

आलातच. "आमची जशी तुमच्यावर आहे तशी" असं त्या वाक्यात आहे. मागणाऱ्याची प्रीती आधी धरलेली आहे, नसेल तर वाक्य पुरं होत नाही.

पण म्हणून मागू नका असं मी म्हणणार नाही. उलट तिथूनच सुरू करा. त्या गृहस्थालाही प्रभूपुढे उभं राहायचंय आणि तुम्हालाही, आणि तिथे दोन टोकांना बसायची सोय नसावी. वाद सुटेलच असं नाही, जमिनीचे वाद दिवाणी कोर्टात तीन पिढ्या चालतात. मागायला मात्र कोर्टाची तारीख लागत नाही.

पाळकपुत्र · १७ नोव्हेंबर, रात्री ११:१५

सर, झोप उडवलीत. बघतो.

दोहा_ते_जालना · १८ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

एवढं लिहून झालंय तर मीच माझी विनंती टाकतो, नियमाप्रमाणे. एका खोलीत सहाजण राहतो. एकाशी माझं रोज वाजतं, कारण क्षुल्लक असतं, एसीचं तापमान. तो विश्वासात नवीन आहे आणि माझ्याकडे बघून शिकतोय हे मला माहीत आहे. माझ्यासाठी धीर मागा. कलस्सै एक, अकरा.

मिरजेची_सिस्टर · १८ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

मागते, भाऊ. आणि तुमच्या व्हिसाचं काही अडलं असेल तर तेही सांगा, लाजू नका.

कृपा_नगर · १८ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

मीही. आणि माझ्यासाठी विवेक, फिलिप्पै एक, नऊ-दहा. येत्या बुधवारी घरसभेत विनंत्यांच्या वेळी हीच सांगणार आहे, बघू कोण काय म्हणतं. अनुग्रह, प्रार्थना करायला आजींना सांगायचंय, पाळकसाहेबांशी बोलून ठेवते.

कुतूहल · १८ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

हे पत्र मुळातून वाचायचं तर कुठून सुरू करू? घरात बायबल नाही.

शांतवन · १८ नोव्हेंबर, दुपारी १२:००

बायबल सोसायटीची मराठी प्रत पुण्या-मुंबईत सहज मिळते, मोबाइलवरही आहे. आधी प्रेषितांच्या कृत्यांचा १७ वा अध्याय वाचा, म्हणजे दंगा आणि यासोन कळेल. मग पत्र एका बैठकीत. पाचच अध्याय आहेत, चहा निवायच्या आत होतात.